बेइ की थाय

इंग्रज गोणी कॅरी करतो, पोरगं कॅरी करतो आणि रोगाचे जंतूही कॅरीच करतो. त्याचा आवाज लांबवर गेला तर तो कॅरी होतो आणि बाई पोटुशी असली तरी ती कॅरी करत असते. आबा म्हणायचे, गर्भ आणि गोणी यांना एकच शब्द, म्हणून तर त्यांना एवढं जग उचलून नेता आलं.

चिनी माणसाचं तसं भागत नाही. छातीशी धरलं की बाओ. खांद्यावर टाकलं की खांग. हातात लोंबकळत नेलं की थी. काठीच्या दोन टोकांना बांधून नेलं की थ्याओ, भरलेली वाटी सांडू न देता नेली की ड्वान. पाठीवर घेतलं तर बेइ. आणि दोघांनी किंवा चौघांनी मिळून उचललं तर थाय. हे सगळं मला सातव्या वर्षीच पाठ होतं, कारण आबांनी ते मला करून दाखवून शिकवलं होतं. बाओ म्हणताना ते मला उचलून छातीशी घ्यायचे, बेइ म्हणताना पाठुंगळी. थाय करायला आईला हाक मारावी लागायची. आई म्हणायची, "सुभेदार, चीन जिंकून झाला असेल तर पाणी भरा."

आबा, म्हणजे माझे वडील, निवृत्त सुभेदार हिंदुराव शेलार, सैन्यात दुभाषे होते. सरहद्दीवर दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांची बैठक झाली, की मधल्या खुर्चीवर ते बसायचे. निवृत्त झाल्यावर ते आईला घेऊन कारवमाचीला परत आले. कारवमाची डोंगराच्या खांद्यावर आहे. खाली डांबरी रस्त्यापर्यंत सहाशे चाळीस पायऱ्या आणि नऊ वळणं. वाडीत तरुण माणूस उरला नव्हता. मी पुण्यात एका शब्दकोशाच्या कामावर होते. ते काम संपलं, आबांची नजर काचबिंदूने जाऊ लागली आणि मीही वर राहायला आले.

त्याच सुमाराला गडी, म्हणजे ओझी वाहणारी यंत्रं, तयार होऊ लागले.

यंत्रांना चालता येऊन बरीच वर्षं झाली होती, पण माणूस उचलणं त्यांना जमत नव्हतं. यंत्राला शिकवायची रीत अशी: त्याला लाखो चित्रफिती दाखवायच्या, प्रत्येकीखाली काय चाललंय ते एका वाक्यात लिहायचं. वाक्य आणि हालचाल यांची जोडी यंत्र आपली आपण जमवतं. इंग्रजी वाक्यांवर शिकलेली यंत्रं धांदरट निघाली. कॅरी या एका शब्दाखाली हमाल, आई, वाढपी, खांदेकरी सगळे आलेले. यंत्र त्या सगळ्यांची सरासरी काढायचं, आणि सरासरीने कोणी माणूस उचलत नाही. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की त्याच चित्रफिती चिनी वाक्यांवर शिकवल्या तर यंत्र नीट उचलतं. कुठे वाकायचं, भार कुठे घ्यायचा, हात कुठे ठेवायचा, हे त्या क्रियापदातच होतं. शेकडो पिढ्यांनी ओझी वाहता वाहता हालचालींची जी निवड करून ठेवली होती, ती यंत्राला आयती मिळाली.

अडचण पुढे आली. जगभरचे लोक यंत्राशी आपापल्या भाषेत बोलणार, ते आधी इंग्रजीत जाणार आणि तिथून चिनी क्रियापदात. आपण मराठीत नेणं, वाहणं, कडेवर घेणं, खांदा देणं असं सगळं वेगळं ठेवतो. मधल्या इंग्रजीत ते एका पोत्यात भरलं जायचं आणि पलीकडे पुन्हा निवडावं लागायचं. ही निवड माणसांनी वाक्यागणिक करून द्यायची होती. आपल्याकडच्या डोंगरी भागांसाठी निवड करणाऱ्यांत आबा होते.

पद्धत साधी होती. पहिला माणूस निर्णय देई. दुसरा तो तपासे. दोघांचं जुळलं नाही, तर वाक्य पहिल्याकडे परत येई. त्याने 'मान्य' दाबलं, की दुसऱ्याचं क्रियापद यंत्रात जाई. पहिले आबा होते, दुसरी मी.

आम्ही पडवीत बसायचो. मी वाक्य वाचायची, आबा डोळे मिटून शब्द सांगायचे. आई ऊन खात बसलेली असायची. एकदा वाक्य आलं, तिचा आवाज पलीकडच्या टेकडीपर्यंत कॅरी झाला. आबा म्हणाले, हे तुझ्या आईला विचार, तिला अनुभव आहे. आईने त्यावर खालच्या आळीतल्या बबनकाकांना अशी हाक मारली, की ते खरोखर वर आले.

शब्दकोशाच्या सवयीने मी आबांना पुष्कळदा अडवायची. बहुतेक वेळा ते बरोबर असायचे आणि मी गप्प बसायची. एका वाक्यावर मी गप्प बसले नाही.

वाक्य होतं, "ती पडली आहे, तिला खाली घेऊन जा." इंग्रजीत अर्थात कॅरी. आबांनी 'थाय' दिलं होतं. तपासताना मी ते त्यांना पुन्हा वाचून दाखवलं नाही, मी ते एकटीने तपासत होते. आणि मला ते खटकलं. खटकलं ते एका गोष्टीमुळे.

लहानपणी मी आबांकडून ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती, की मला त्यातला वाराही पाठ होता. एका खिंडीत पिराजी नावाचा आपला जवान बर्फात घसरून पलीकडच्या हद्दीत पडला. दोन दिवस पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी समोरून वायरलेसवर निरोप आला, तुमचा माणूस सापडला आहे, आणून देतो. जिवंत की मेलेला, ते त्यांनी सांगितलं नाही. आपले साहेब आबांकडे बघत होते. आबांनी सांगितलं, "साहेब, जिवंत आहे." साहेबांनी विचारलं, कशावरून? आबा म्हणाले, "ते 'बेइ' म्हणाले. मेलेल्याला पाठीवर घेत नाहीत. मेला असता तर 'थाय' म्हणाले असते." तासाभराने धुक्यातून एक चिनी शिपाई आला आणि त्याच्या पाठीवर पिराजी होता, डोळे उघडे असलेला. गोष्ट तिथे संपायची. मी टाळ्या वाजवायची.

बेइ म्हणजे जिवंत, थाय म्हणजे मेलेला. माझ्यासाठी ते व्याकरणापेक्षा पक्कं होतं. आमच्या वाडीतही चौघांनी उचलायचं ते शेवटचंच. पडलेल्या बाईला थाय? मला वाटलं, आबांची नजर गेली तसा हातही चुकायला लागला. मी 'बेइ' केलं.

वाक्य आबांकडे परत आलं तेव्हा ते साताऱ्याच्या दवाखान्यात होते, डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी खाटेशेजारी बसून काम उरकत होते. त्यांचा परवलीचा शब्द माझ्याकडे होताच. त्यांनी विचारलं, काही अडलंय का. मी म्हटलं, नाही आबा. आणि त्यांच्या नावाने 'मान्य' दाबलं.

दोन महिन्यांनी वाडीत दोन गडी आले. कागदोपत्री त्यांचं नाव वाहक होतं, पण लोकांनी पहिल्याच दिवशी गडी केलं. बंद पडलेल्या शाळेच्या खोलीत ते उभे असायचे. हाक मारली की येत. गॅसची टाकी, सिमेंट, म्हातारी माणसं, सगळं वर-खाली करत. शस्त्रक्रियेनंतरही आबांची नजर परतली नव्हती; गड्यांमुळे त्यांना जो आनंद व्हायचा, तो ऐकून होणारा आनंद होता. पावलांवरून ते ओळखायचे, खांग चाललंय, थी चाललंय.

आई पडली तो फेब्रुवारीतला दिवस होता. आबा बबनकाकांना घेऊन तालुक्याला हयातीचा दाखला द्यायला गेले होते. आई माळ्यावरून कांद्याची टोपली उतरवत होती. शिडीची पायरी सुटली आणि ती मागे, मानेवर, उंबऱ्यावर आली. मी धावले तेव्हा ती स्वतःच बसती झाली होती. म्हणाली, मान अवघडली, बाकी काही नाही, कांदे गोळा कर. मग म्हणाली, बोटांना मुंग्या आल्यात.

मी गड्याला हाक मारली. सांगितलं, "आई पडलीय, तिला खाली घेऊन जा."

एकच गडी आला. दुसरा शाळेतच उभा राहिला. बेइला एकच पुरतो. तो आईसमोर येऊन वळला, गुडघ्यांत वाकला आणि त्याने आपली पाठ तिच्यापुढे केली, अगदी आबा करायचे तशी. माझं क्रियापद माझ्यासमोर खाली बसलं होतं. मला बरं वाटलं.

मी आईला त्याच्या पाठीवर चढवलं. ती हसली. "सुभेदारानं जन्मात घेतलं न्हाई पाठीवर," ती म्हणाली, "ह्यानं घेतलं बघ."

मी मागून उतरत होते. तिसऱ्या वळणावर ती म्हणाली, पाय कुठं गेलं माझं. मी म्हटलं, आहेत, लोंबतायत. गडी फार छान उतरत होता. एकही हिसका नव्हता, पण प्रत्येक पायरीला आईचं डोकं किंचित पुढे जाई आणि मागे येई. सहाव्या वळणावर तिचे हात त्याच्या खांद्यावरून सुटले. मी हाक मारली. तिने ओठ हलवले, पण आवाज आला नाही. खालच्या आळीपर्यंत जाणारा तो आवाज, त्याला तोंडाबाहेर यायला वारा उरला नव्हता.

रस्त्यावर आबा नुकतेच जीपमधून उतरले होते. गड्याची पावलं ऐकून ते थांबले. बबनकाका काही बोलायच्या आत ते पुढे आले आणि त्यांनी हात लावून पाहिलं. आधी गड्याचा खांदा, मग त्यावर टेकलेला आईचा गाल, मग खाली लोंबणारा पाय. "पाठीवर?" त्यांनी विचारलं. एवढंच. मला वाटलं, ते गड्याला विचारतायत.

डॉक्टर तरुण होती, सरळ बोलली. मानेचा मणका मोडला होता, पण पडल्यावर आतला मज्जारज्जू शाबूत असणार, नाहीतर त्या बोलल्याच नसत्या. मान न हलवता, आडवं झोपवून आणायला हवं होतं. दोघांनी धरून.

थाय, मी मनात म्हटलं.

बाराव्याला पाहुणे गेले. तेराव्या दिवशी संध्याकाळी मी आबांना चहा दिला. ते पडवीतल्या दगडावर बसले होते. त्यांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, "कल्याणी, त्या वाक्याला मी काय लिहिलं होतं गं?"

कुठल्या, असं मी विचारलं नाही.

"बेइ, आबा."

"मी?"

"तुम्ही. मग मी पण तेच ठेवलं."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले आणि चहा प्यायले.

हे मी का केलं, याचं मी पुढे बरंच समर्थन शोधलं. आबा थकलेत, त्यांना एकच मुलगी उरली आहे, ती आईला मारणारी निघाली तर ते जगतील कसे. स्वतःची चूक माणूस कशीतरी सोसतो. असं सगळं. खरं इतकंच होतं, की विचारल्याबरोबर तोंडातून ते निघालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच वेळी, त्याच दगडावर, बशीत चहा ओतून झाल्यावर. तोच प्रश्न, तेच शब्द. मी तेच उत्तर द्यायची. बबनकाका म्हणाले, वहिनी गेल्यापासून सुभेदारांचं डोकं जागेवर नाही, एकच धरून बसलेत. मीही तसंच धरून चालले. आबांना आपल्या तुकडीतल्या माणसांची नावं गावांसकट आठवत होती, औषधाच्या वेळा आठवत होत्या, हे मी बघितलं नाही.

ते वाक्य दुरुस्त करायला हवं होतं. कुठल्या तरी दुसऱ्या डोंगरावर कोणी पडत असणार, आणि एक गडी वळून पाठ पुढे करत असणार. पण नोंद उघडली की तिचा सगळा इतिहास उघडणार आणि दुरुस्तीची सूचना पहिल्या माणसाकडे जाणार. मी ते काम सोडलं, खातं बंद केलं नाही पण उघडलंही नाही. सकाळी बातम्यांत डोंगरातले अपघात शोधायची. एखाद्या दिवशी काही नसलं, की नेहमीची कामं करता यायची.

पावसाळा सरल्यावर एकदा आबांनी मला बस म्हटलं. चहाच्या आधी.

"पिराजीच्या गोष्टीचा शेवट तुला कधी सांगितला नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, माहीत आहे मला, डोळे उघडे होते.

"होते. मी धावत गेलो. मला म्हणाला, शेलार, पाय कुठं गेले माझे. पाठ मोडली होती त्याची. दोन दिवस बर्फात आडवा पडून होता म्हणून जिवंत राहिला होता. तासभर पाठीवरून आणला आणि माझ्यासमोर दहा मिनिटांत गेला. तो चिनी पोरगा रडायला लागला. त्याला वाटलं होतं, एकट्यानं आणतोय म्हणजे मोठं काम करतोय. मी त्याला सांगितलं, पडलेल्या माणसाला थाय. कायम थाय. तो माझ्यामागून म्हणत होता, थाय, थाय."

खाली दरीत कोणाच्या तरी गड्याची पावलं वाजत होती.

"तू लहान होतीस. टाळ्या वाजवायचीस. म्हणून मी तिथंच थांबायचो."



"आता सांग," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, नजर जरा बाजूला, आंधळ्याची असते तशी. "हे सगळं मला माहीत असताना, त्या वाक्याला मी काय लिहिलं होतं?"

मला अजून आठवतं, त्यांनी कपाला हात लावला नव्हता. चहा नव्हताच तिथे. ते नुसते थांबले होते. मी जितका वेळ घेतला तितका वेळ ते थांबले.

"बेइ, आबा," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "चहा टाक."

त्यानंतरही ते रोज विचारत राहिले. हिवाळाभर, उन्हाळा लागेपर्यंत. आई गेल्याला चौदा महिने झाले, तेव्हा एका सकाळी ते उठले नाहीत. कुशीवर, हात गालाखाली.

खाली नदीकाठी न्यायचं होतं आणि वाडीत धड चालणारे पुरुष तिघेच होते. बबनकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "कल्याणी, तीन मान्सांत भागत न्हाई. गडी बोलव."

मी नको म्हटलं. मला दिसत होतं काय होणार ते. एक गडी येणार, वळणार, गुडघ्यांत वाकणार. आबांना त्याच्या पाठीवर घालावं लागणार, त्यांचे हात त्याच्या खांद्यांवरून पुढे लोंबणार, आणि सगळी वाडी बघणार. आणि सहाशे चाळीस पायऱ्या माझं क्रियापद माझ्यापुढे चालणार.

पण दुसरा उपाय नव्हता. बबनकाकांनीच हाक मारली, "गड्या, सुभेदार पडलेत, खाली घेऊन जा." मेलेत म्हणायला त्यांची जीभ वळली नाही. तेच वाक्य. मी भिंतीकडे तोंड केलं.

पावलं दोन जोड्यांची आली.

मी वळून पाहिलं. दोन्ही गडी आबांच्या उशापायथ्याशी उभे होते. त्यांनी दोघांमधली लांब झोळी उलगडली, ताठ केली, आबांच्या मानेखाली हात घालून, मान जराही न हलवता त्यांना आडवं घेतलं. चार हातांनी उचललं आणि ते एका लयीत दाराबाहेर पडले.

थाय.

नदीवरून परत आल्यावर, अंघोळ करून मी खातं उघडलं. दुपारचं ऊन पडवीत आलं होतं. नोंद चार ओळींची होती, प्रत्येकीपुढे तारीख आणि वेळ.

पहिला निर्णय: थाय. हिंदुराव शेलार.

तपासणी: बेइ. कल्याणी शेलार.

बदल मान्य: हिंदुराव शेलार. तारीख दवाखान्यातली. त्या तारखेला या माणसाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, हे त्या माणसाइतकं कोणाला माहीत असणार?

चौथी ओळ आई गेल्यानंतर बाराव्या दिवसाची होती. संपूर्ण इतिहास आवाजात वाचून घेतला, हिंदुराव शेलार. त्यापुढे, मूळ निर्णय परत आणला, थाय. कारण विचारलेल्या चौकटीत त्यांनी बोलून लिहवलं होतं, "पहिलं बरोबर होतं." दुरुस्तीची सूचना मला आली होती. न उघडलेल्या सूचनांत ती तळाशी होती.

बाराव्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं. तेराव्या दिवशी पहिल्यांदा मला विचारलं.

मी दिवस मोजले. चारशेहून जास्त भरले. इतक्या वेळा त्या माणसाने बशीत चहा ओतला आणि माझ्यासाठी जागा करून दिली. इतक्या वेळा मी त्यांना सांगितलं, की आईला तुम्ही मारलंत. इतक्या वेळा ते 'बरं' म्हणाले.

शेवटच्या चार दिवसांत त्यांनी विचारलं नव्हतं. चहा प्यायले, बशी पालथी घातली आणि आत गेले. मला वाटलं, विसरले.

मला बरं वाटलं होतं.